संदर्भ नमुना

रायबंदरच्या फेरीवर पेटी मांडीवरच ठेवली.
नवसो म्हणाला, खाली ठेव, काही होत नाही.
मी ठेवली नाही.
आत लेझर आहे, आरसे आहेत,
आणि संस्थेने तीन वर्षं केलेले अर्ज.

चोडणला कपेलाच्या दारात एर्मेलिंदबाय उभी,
हातात किल्ली, खांद्यावर टॉवेल.
टेबलावर सायबीण: लाकडाची, वीतभर उंच,
गावात घरोघर फिरणारी,
एक रात्र एका घरी, दुसरी शेजाऱ्याकडे.
अंगावर निळा झगा.
"जुना रंग," बाय म्हणाली. "पुर्तुगेजांच्या वेळचा."

मेणबत्ती विझवा म्हटल्यावर ती घुटमळली.
ट्यूबलाईटही नको, तिच्या रेषा वर्णपटात घुसतात.
मग काळ्या कापडाखाली मी आणि सायबीण,
दोघींमध्ये बोटभर अंतर.

प्रकाश टाकायचा, परत येईल तो मोजायचा, एवढंच काम.
बहुतेक सगळा जातो तसाच परततो.
कोटीत एखादा किरण
तिथल्या कणाला काही देऊन येतो.
त्याने किती गमावलं
तेवढीच माझी माहिती.

पहिल्यांदा काहीच कळलं नाही.
पडद्यावर नुसता उजेडाचा डोंगर.
खोबरेल, नवसो म्हणाला. धूर, अबोली,
पायांना टेकलेले ओठ.
साठ-सत्तर घरांचे हात
एकदम चमकून उठले
आणि रंगाचं बोलणं त्यात बुडालं.
आमच्या भाषेत याला अडथळा म्हणतात.

लेझर बदलला. शक्ती उतरवली,
शिसं असेल तर करपतं.
झग्याच्या काठाला एक टवका उडालेला,
त्या खळग्यात नीळ सापडली: पंधराशे त्र्याहत्तर.
तिच्याखाली शिश्याचा पांढरा, एक हजार पन्नास.
हे दोघे जुने. बाय म्हणते त्याहूनही असतील.
पण वरचा निळा कारखान्यात जन्मलेला,
सोबत टायटॅनियम,
डब्यात मिळतो तो.

कसं सांगावं याचा विचार करत होते,
तोवर तिनेच विचारलं, "होडीचा ना?"
आणि टॉवेल तोंडावर धरून हसली.
सायबीण कुणाच्या तरी हातून चिखलात पडली होती.
पाद्रीला कळायच्या आत
लिगोरियोने रात्रीतून रंगवली,
होडीचा रंग डब्यात उरला होता त्याने.
मग पुर्तुगेजांच्या वेळचा का म्हणालात?
"होतेच की ते तेव्हा. अजून तीन वर्षं होते."

लिगोरियो तिचा कोण, ते मी विचारलं नाही.

होडी कधीच मोडली.
एक फळी उरली, फणसाची,
मागे कोंबड्यांच्या खुराड्यावर आडवी,
रंगाची बाजू आत.
पेटी तिकडे न्यायला मीच सांगितलं.
गुडघे शिटात,
कोंबडीने लेझरकडे बघू नये म्हणून
बायने गोणपाट धरलेलं,
आणि आत, पिसं चिकटलेला, तोच निळा.
दोन्ही आलेख एकावर एक ठेवले.
शिखरावर शिखर बसलं.
नवसो बराच वेळ काही बोलला नाही.
बाय मात्र बोलत होती, कोंबडीशी.

अहवालात "नंतरचा थर" असा रकाना असतो,
त्याच्यासमोर "शिफारस".
तिथे काय लिहायचं ते आमच्याकडे पाठ असतं:
काढून टाकावा.
खाली नीळ आहे. ती खरंच सुंदर असेल,
मी फक्त टवक्याएवढी पाहिली.

परतीच्या फेरीवरही पेटी मांडीवरच.
शिफारस कोरी.
त्याच्या खालच्या रकान्यात मात्र शाईने लिहून टाकलं:
संदर्भ नमुना क्रमांक एक,
कोंबड्यांचा खुराडा, आतली बाजू, चोडण.

अक्षांश-रेखांश टाकायचे का, नवसोने विचारलं.
टाक, म्हटलं.